‘भूषविलेले पद’ हा रकाना खोडा : शिष्यवृत्ती निवड समितीला खुले पत्र

प्रति,
शिष्यवृत्ती निवड समितीचे सर्व सदस्य आणि कारखान्याचे व्यवस्थापन,
रबाळे, नवी मुंबई.

सप्रेम नमस्कार.

कामगारांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांसाठी कंपनीने यंदा ‘विद्यार्थी नेतृत्व शिष्यवृत्ती’ जाहीर केली. टाइम ऑफिसबाहेरच्या बोर्डावर नोटीस लागली, कँटीनच्या काउंटरवर फॉर्म ठेवले गेले आणि बघता बघता संपलेही. त्याबद्दल आधी मनापासून आभार. ठाणे-बेलापूर रस्त्यावर एकेक जुना कारखाना पाडून तिथं आयटी पार्क आणि डेटा सेंटर उभी राहतायत. अशा दिवसांत आपला कारखाना चालू आहे, पगार वेळेवर होतो आणि वर पोरांच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला काढले जातात, याची किंमत आम्हाला कळते. माझ्याबरोबर आयटीआय केलेले कितीतरी जण आज कुठल्या ना कुठल्या गेटवर सिक्युरिटीचा गणवेश घालून उभे आहेत.

माझं स्वतःचं कुणी या रांगेत नाही. मुलगा शिकला, नोकरीला लागला, प्रश्न मिटला. पण देखभाल विभागातला जुना माणूस, अक्षर बरं, चष्मा कायम खिशात, म्हणून फॉर्म भरायला लोक माझ्याकडे येतात. पीएफचा असो, मेडिक्लेमचा असो, आता हा शिष्यवृत्तीचा. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून मी यंदा बरेच फॉर्म पाहिले आणि जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी अडलेले दिसले, दुसऱ्या पानावर.

फॉर्म आपणच काढला आहे, तरी आठवण करून देतो. पहिल्या पानावर गुण. बारावीला किमान सत्तर टक्के हवेत. दुसरं पान नेतृत्वाचं. त्यात रकाने असे : संस्थेचे नाव, भूषविलेले पद, निवडून आलेले की नियुक्त, कालावधी, प्रमाणपत्र जोडले आहे काय. तिसरं पान प्राचार्यांच्या शिफारसपत्रासाठी. चौथ्यावर इंग्रजीत पाचशे शब्दांचा निबंध, ‘माझा नेतृत्वाचा प्रवास’.

वेल्डिंग शॉपमधल्या एका सहकाऱ्याची मुलगी ठाण्याच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. राहायला दिघ्याला. तिचे वडील फॉर्म घेऊन आले तेव्हा दुसरं पान कोरं होतं. म्हणाले, “अण्णा, इथं काय टाकू? पोरगी कशाचीच अध्यक्ष नाही.” मी म्हटलं, रविवारी तिलाच पाठवा. ती आली ती एक लांब फुलस्केप वही घेऊन. मी वही मागितली नव्हती. तिला वाटलं, अण्णांकडे जायचंय म्हणजे कुणाचा तरी फॉर्म भरायचा असणार.

त्या वहीत तिच्या गल्लीतल्या आणि शेजारच्या दोन गल्ल्यांतल्या मुलांची नावं होती. नावापुढं आखलेले रकाने : उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाइल, जातपडताळणी, सेतूत अर्ज दिल्याची तारीख, पावती क्रमांक, बँक खात्याला आधार जोडलं का. शेवटचा रकाना लाल शाईत, ‘काय चुकलं’. आधारवर एक नाव आणि मार्कशीटवर दुसरं. खातं आईच्या नावावर. मोबाइल नंबर बदलला, ओटीपी जुन्या नंबरवर जातोय. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरलेला माणूस हे वाचून हसेल, कारण यातलं काही ना काही प्रत्येकाच्या वाट्याला आलेलं असतं. शिष्यवृत्ती मंजूर होते, पैसे सरकारातून निघतात आणि आधार जोडलेलं नाही म्हणून खात्यावर येत नाहीत. मग मुलगा कॉलेजच्या खिडकीवर, बँकेत आणि सेतूत असा फिरत राहतो, वर्ष निघून जातं.

या मुलीच्या स्वतःच्या पहिल्या वर्षी तेच झालं होतं. दुसऱ्या वर्षी तिनं गल्लीतल्या बारावीच्या मुलांना मार्चमध्येच गाठलं आणि सांगितलं, उत्पन्नाचे जुने दाखले ३१ मार्चला संपतात, एप्रिलमध्येच नवे काढायला टाका, जूनमध्ये ठाणे तहसीलला उभं राहायला जागा मिळणार नाही. नुसतं सांगून थांबली नाही, एकेकाच्या आईबरोबर गेली. कारण आईला घरकामातून सुट्टी एकच दिवस मिळते आणि त्या दिवशी काम झालं नाही तर महिना जातो. आता शेजारच्या गल्लीतल्या दोन मुलींनी तिच्या वहीवरून आपापल्या वह्या केल्यात आणि तिकडचं काम त्या बघतात. मी विचारलं, हे सगळं फॉर्ममध्ये का नाही लिहिलंस? तर म्हणाली, “ते काय, मदत केली. त्याचं सर्टिफिकेट कुठं असतं?”

समितीतल्या साहेबांनो, या मुलीचं दुसरं पान अजून कोरं आहे आणि तुमच्या गुणपद्धतीत तिला तिथं शून्य मिळणार आहे.

हा फॉर्म मूळ कंपनीकडून, म्हणजे अमेरिकेतून आला असणार आणि इथं एचआरनं त्याचं मराठी केलं असणार, असा माझा अंदाज आहे. तिकडे या रकान्यांना अर्थ आहे. तिथल्या शाळांत वर्गाचा अध्यक्ष, विद्यार्थी मंडळाचा खजिनदार हे मुलं मतं देऊन निवडतात. शाळेत एक समुपदेशक असतो, तो मुलांना वर्षानुवर्षं ओळखतो आणि शिफारसपत्र लिहितो. आपल्याकडे ‘निवडून आलेले की नियुक्त’ हा प्रश्न विचारणं म्हणजे थट्टाच आहे. मुंबईत १९८९ मध्ये कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थ्याचा खून झाला, पुढं वातावरण बिघडत गेलं आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या खुल्या निवडणुकांवर पडदा टाकला. तेव्हापासून वर्गप्रतिनिधी व्हायचा तो मागच्या परीक्षेत ज्याला जास्त गुण मिळाले तो. २०१६ च्या कायद्यानं निवडणुका कागदावर परत आणल्या, २०१९ मध्ये त्या घ्यायचं ठरलं, मग विधानसभेच्या निवडणुकीचं कारण देऊन पुढं ढकलल्या, मग कोरोना आला. आज फॉर्म भरणाऱ्या मुलांच्या बहुतेक आई-बापांनीसुद्धा कॉलेजात कधी मत दिलेलं नाही.

याचा परिणाम तुमच्या गुणपत्रिकेवर काय होतो ते बघा. पहिल्या पानावर हुशार मुलाला गुणांचे गुण मिळतात. तोच मुलगा त्याच गुणांवर वर्गाचा सीआर झालेला असतो, म्हणून दुसऱ्या पानावर त्याला नेतृत्वाचेही गुण मिळतात. एकच मार्कशीट दोनदा मोजली जाते. मग ही नुसती गुणवत्ता शिष्यवृत्ती झाली की. तशी द्यायची असेल तर खुशाल द्या, तीही हवीच आहे, पण मग नोटिशीवर नेतृत्व कशाला लिहायचं?

उरली प्रमाणपत्रं. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, हिच्याबद्दल मला आदर आहे. १९६९ पासून चालू आहे, वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, यात मुलं खरोखर घडतात. एनसीसीचंही तेच. पण मुंबई विद्यापीठात या कामाचे दहा वाढीव गुण मिळतात, म्हणून नाव घालणारेही असतात, हे सगळ्या कॉलेजांना माहीत आहे. आणि त्याच्या खाली एक वेगळाच बाजार आहे. रविवारी सकाळी खाडीकाठच्या खारफुटीत दोन तास कचरा वेचायचा, टी-शर्ट, केळं आणि प्रमाणपत्र घेऊन घरी यायचं. कचरा उचलला गेला हे चांगलंच, पण त्याला नेतृत्व म्हणायचं? ऑनलाइन ‘लीडरशिप समिट’ असतात, पैसे भरले की सोनेरी कडेचं प्रमाणपत्र ईमेलवर येतं. एका फॉर्मला अशी सात प्रमाणपत्रं जोडलेली मी पाहिली. बापाला विचारलं, यात पोरानं काय केलं? बाप प्रामाणिक, म्हणाला, “अण्णा, फी मी भरली.”

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर गैरसमज होईल. ऑफिसर मंडळींच्या मुलांवर माझा राग नाही. वाशी-नेरुळच्या मोठ्या शाळांत हेड गर्ल, हाउस कॅप्टन अशी पदं असतात, वादविवादाच्या स्पर्धा असतात आणि ती मुलं त्यासाठी मेहनत घेतात. त्यांचं कौतुकच आहे. पण महापालिकेच्या शाळेतून आलेल्या, दुपारी मॉलमध्ये काउंटरवर उभं राहून संध्याकाळच्या लेक्चरला जाणाऱ्या मुलाला ‘भूषविलेले पद’ विचारलंत तर तो काय लिहील? सेल्समन? आपल्या फॉर्मवर कुठंही लिहिलेलं नाही की शिष्यवृत्ती ऑफिसरांच्या मुलांसाठी आहे. लिहायची गरजच पडलेली नाही, रकाने ते काम आपोआप करतात.

खरं तर या पट्ट्याला नेतृत्व म्हणजे काय हे फॉर्मवरून शिकायची वेळ यायला नको होती. तुर्भ्याच्या बाजारात आज जे माथाडी कामगार हक्कानं मजुरी, पीएफ आणि ग्रॅच्युइटी घेतात, त्यांच्यासाठी अण्णासाहेब पाटलांनी डोक्यावर ओझी वाहणाऱ्या माणसांची संघटना बांधली आणि त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. ज्या जमिनीवर हे शहर उभं आहे, त्या जमिनीचा न्याय्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत उरणकडच्या जासई आणि दास्तान फाट्यावर माणसं रस्त्यावर उतरली, गोळीबारात पाच जण गेले आणि पुढं घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आपल्या कारखान्यात घणसोलीचे, रबाळ्याचे, गोठिवलीचे जे प्रकल्पग्रस्त कामाला आहेत, त्यांच्या घरांत ही नावं देवासारखी घेतली जातात. त्यांच्या पोरांना तुम्ही विचारता, प्रमाणपत्र जोडले आहे काय.

आणखी एक उदाहरण देतो. समितीतले काही जण ते ऐकून हसतील, हसा. आपल्या पॅकिंग लाइनवरच्या एकाचा मुलगा कळव्याला गोविंदा पथक चालवतो. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ठाण्याची दहीहंडी म्हणजे काय ते तुम्हाला टीव्हीवरून माहीत असेल. २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या पथकानं नऊ थरांचा जागतिक विक्रम केला तो ठाण्यातच. टीव्हीवर दिसतो तो वरचा एक्का आणि त्याखाली स्टेजवरचे पुढारी. हा मुलगा कधीच दिसत नाही, कारण तो थरांत नसतोच, बाहेर उभा राहून मोजत असतो. गुरुपौर्णिमेपासून रोज रात्री सराव. चौदा वर्षांखालचं पोर वर चढवायचं नाही हा नियम आहे, म्हणून तो प्रत्येकाचं आधार कार्ड बघतो आणि वर चढायला आसुसलेल्या पोराच्या, कधी त्याच्या आईच्याही, शिव्या खातो. विम्याचे कागद वेळेत भरतो. आणि खालच्या थरातल्या एखाद्याचा पाय थरथरताना दिसला की ‘उतरा’ म्हणून ओरडतो. समोर लाखांचं बक्षीस असतं, माइकवरून “अजून एक थर” असा गलका चालू असतो, आपलीच पोरं “होईल रे, होईल” म्हणत असतात, आणि बावीस वर्षांच्या मुलानं उतरा म्हणायचं असतं. शंभर जणांनी ते ऐकायचं असतं. ते ऐकतात. आपल्या प्लांटमध्ये लाइन बंद करायचा निर्णय घेताना सुपरवायझरचा हात किती वेळ बटणावर घुटमळतो, हे मी देखभाल विभागात राहून पाहिलेलं आहे. म्हणून मला त्या मुलाचं मोल कळतं. त्याच्या फॉर्मवर त्याच्या बापानं लिहिलं होतं, ‘पद : नाही.’

तुम्ही म्हणाल, अण्णा, गोष्टी छान आहेत, पण खरं-खोटं कसं ओळखायचं? रास्त शंका आहे. उद्या तुम्ही ‘समाजासाठी काय केलंत ते लिहा’ असा रकाना टाकलात तर प्रत्येक घरात एकेक समाजसेवक जन्माला येईल. कामगार कल्याण मंडळाच्या गुणवंत कामगार पुरस्कारासाठी आपल्याच लोकांनी केलेल्या फायली मी पाहिल्यात. कात्रणं, फोटो, सत्काराच्या शाली, फाइल उचलायला दोन माणसं लागतील इतकी जाड. त्यांत खरी माणसंही होती आणि फोटोत घुसलेलीही. आणि निबंधाचं म्हणाल तर तो आता चॅटजीपीटी लिहितं. मी पाहिलेल्या निबंधांपैकी कितीतरी जवळजवळ एकाच वाक्यानं सुरू होतात. ते वाचायला तुम्ही वेळ घालवू नका, ही कळकळीची विनंती.

त्याऐवजी मुलाला समोर बसवा. पंधरा मिनिटं. मराठी, हिंदी, त्याला येईल त्या भाषेत. आणि एकच विचारा, काम कुठं अडलं? ज्यानं खरोखर काम केलंय त्याच्याकडे अडचणींचा साठा असतो. तो सांगेल, अमुक बाई ऐकायलाच तयार नव्हत्या, तमुक पोरगा मध्येच सोडून गेला, पैसे कमी पडले, पहिल्या वर्षी फसलो. ज्यानं फक्त फोटो काढलाय तो म्हणेल, सगळं छान झालं, खूप शिकायला मिळालं. आपण मशीनवर माणूस घेताना हेच करतो की नाही? आयटीआयचं सर्टिफिकेट बघतो आणि मग बेअरिंग हातात देऊन विचारतो, हे का गेलं असेल?

शिफारसपत्र प्राचार्यांचं नको. मोठ्या कॉलेजात प्राचार्य कुणाला ओळखत नाहीत, तो त्यांचा दोष नाही. मुलं दोन-दोन दिवस ऑफिसच्या खिडकीवर उभी राहतात, ‘सर मीटिंगमध्ये आहेत’ ऐकतात आणि शेवटी छापील नमुन्यावर शिक्का मारून मिळतो, नाव तेवढं पेनानं भरलेलं. त्या कागदातून तुम्हाला काय कळणार? ज्यांच्यासाठी काम झालं त्यांच्यातल्या दोघांचे फोन नंबर मागा आणि खरंच फोन करा. दिघ्याच्या गल्लीतल्या एखाद्या बाईला एचआरचा फोन गेला तर ती जे सांगेल ते कुठल्याही लेटरहेडपेक्षा भरवशाचं असेल. जरा जास्तच सांगेल, तेवढी तयारी ठेवा.

सत्तर टक्क्यांची अटही सोडून द्या. पन्नास पुरे. काम करून शिकणाऱ्याची एखादी एटीकेटी राहिली तर त्यानं काही बिघडत नाही.

समितीत कोण असावं याबद्दल मूळ कंपनीच्या देशातलाच दाखला देतो, म्हणजे युनियनवाल्यानं मनाचं काढलं असं होणार नाही. कंपन्यांची फाउंडेशन्स कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या देतात, त्यांच्यासाठी अमेरिकेच्या आयकर खात्यानं १९७६ मध्ये नियम घालून दिले आहेत. निवड करणारी माणसं कंपनीशी संबंध नसलेली हवीत. शिष्यवृत्ती आई-बापाच्या नोकरीतल्या हुद्द्यावर ठरता कामा नये. आणि मला सगळ्यात आवडलेला नियम असा, की एकदा शिष्यवृत्ती दिली की आई-बापानं नोकरी सोडली म्हणून ती काढून घेता येत नाही. आपल्या नोटिशीतलं सहावं कलम मात्र म्हणतं, पालक कंपनीच्या सेवेत असेपर्यंतच पुढचे हप्ते मिळतील. पुढच्या वर्षी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, येणार अशी कुजबुज शॉप फ्लोअरवर चालू आहे. खरी-खोटी तुम्हाला माहीत. पण पन्नाशीतल्या माणसानं व्हीआरएसच्या कागदावर सही करायची की पोरीचं शेवटचं वर्ष काढायचं, असा पेच या कलमामुळे उभा राहू शकतो. हे कलम राहिलं तर शिष्यवृत्तीची दोरी होते. काढून टाका. आणि समितीत आमच्यातला एक घ्या, बाहेरच्या कॉलेजातल्या एक-दोन शिक्षकांना बोलवा, प्लांट हेडसाहेबांनी बक्षीस द्यायला यावं, निवडायला नको.

आता पैशाचं. शिष्यवृत्ती थेट कॉलेजात फी म्हणून भरणार असं लिहिलंय. राज्य सरकारनं २०२४ मध्ये आदेश काढून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना, कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी दिली आहे. अशा मुलीच्या फीचे पैसे तुम्ही कॉलेजात भरून काय करणार? तिला लॅपटॉप हवाय, पुण्याला नंबर लागला तर खोलीचं डिपॉझिट हवंय, मेसचे पैसे हवेत. रक्कम मुलांच्या खात्यावर द्या आणि जुलै-ऑगस्टमध्ये द्या. प्रवेशाच्या फेऱ्या तेव्हा चालू असतात, पतपेढीतून कर्ज तेव्हाच निघतं. जानेवारीत वर्धापन दिनाला मोठ्या पुठ्ठ्याच्या चेकबरोबर फोटो काढायचा तर काढा, पैसे मात्र तोवर पोचलेले असू देत.

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे आणि तो मी मुद्दाम मागे ठेवला. कंत्राटी कामगार.

आपल्या कँटीनमध्ये, पॅकिंगला, हाउसकीपिंगला जी माणसं आहेत, त्यातली कित्येक पंधरा-वीस वर्षं याच गेटमधून आत येतायत. दरम्यान कंत्राटदार बदलले, माणसं तीच राहिली. पण नोटिशीत ‘कंपनीच्या रोलवरील कायम कर्मचारी’ असं आहे, म्हणजे त्यांची मुलं बाद. मी एचआरला विचारलं तेव्हा उत्तर आलं की हा पैसा कर्मचारी कल्याणाचा आहे, सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा नाही, आणि ते आपले कर्मचारी नाहीत. बरोबर आहे. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्चायचे असतात आणि केवळ आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा कार्यक्रम त्यात धरता येत नाही. नियम चांगलाच आहे, नाहीतर कंपन्यांनी दिवाळीचा बोनससुद्धा सीएसआरमध्ये दाखवला असता. पण मग आमचा साधा प्रश्न असा : हे लोक तुमचे कर्मचारी असतील तर त्यांच्या मुलांना हा फॉर्म द्या. नसतील, तर बाकीच्या समाजाबरोबर त्यांच्या मुलांसाठीही सीएसआरचं दार उघडा. दोन्हीकडून नाही म्हणायचं, हे कसं चालेल? कायदा विभागानं यावर लेखी मत द्यावं आणि ते बोर्डावर लावावं.

तोवर एक गोष्ट आजच करता येईल. कामगार कल्याण निधी दर जून आणि डिसेंबरच्या पगारातून कापला जातो, आधी १२ रुपये होता, २०२४ पासून २५ झाला, मालकाचे ७५. त्या निधीतून महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या देतं. कपात कंत्राटी माणसाचीही होते, तेव्हा अर्जही तो करू शकतो. पण पगार स्लिपवरची ती ओळ कशाची आहे हे कँटीनमधल्या एकालाही सांगता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या पर्मनंटवाल्यांतही फार थोड्यांना. कंत्राटदारांना एक पत्र पाठवून ही माहिती प्रत्येकाच्या हातात द्यायला लावा. पैसे लागणार नाहीत.

फॉर्मची मुदत या महिन्याच्या अखेरीस संपते. ती पंधरा दिवस वाढवावी, दुसरं, तिसरं आणि चौथं पान बदलून नवे फॉर्म काढावेत आणि आधी भरलेल्यांना ते पुन्हा भरायची मुभा द्यावी, एवढंच तातडीचं मागणं आहे. बाकीचं वर्क्स कमिटीच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्या. दिघ्याच्या मुलीशी मी बोललोय. नवे फॉर्म आले की रविवारी ती वही घेऊन कँटीनच्या टेबलावर बसायला तयार आहे, बाकीच्यांचे फॉर्म भरून द्यायला. तिला गेटपास लागेल, तेवढा सिक्युरिटीला सांगून ठेवा.

आपला,
देखभाल विभागातला एक जुना फिटर,
रबाळे